माळकऱ्याची लेक निघाली शिरगावला

छोटे, आधी तुझ्या आईचा जीव भांड्यात पडू दे. मत्स्य कॉलेजात गेलं म्हणून मासे खावे लागत नाहीत. मेसमध्ये शाकाहारी ताट असतं, ते मागून घ्यायचं, लाजायचं नाही. कधीतरी प्रक्रियेच्या प्रात्यक्षिकात तयार केलेला पदार्थ चाखून गुण द्यायची वेळ येईल. तेव्हा मॅडमना आदल्या दिवशीच सांगून ठेवायचं, मी माळकरी घरातली आहे. त्यांनी तुझ्यासारख्या पुष्कळ मुली पाहिल्यात. माशाला हात मात्र लावावा लागेल. कल्ले उघडावे लागतील, पोट चिरावं लागेल. गळ्यातल्या माळेचं काय करायचं हे तुझं तू ठरव. माझ्या आईनं मला निघताना सांगितलं होतं, आंघोळ करताना पाण्यातच असतेस ना माळ घालून, मग पाण्यातल्या जिवाला विटाळ कसला? मामीला, म्हणजे तुझ्या आईला, हे पटेल असं नाही, पण नणंदेनं सांगितलंय म्हटल्यावर निदान वाद तरी घालणार नाही.

मामाचा, म्हणजे तुझ्या वडिलांचा, प्रश्न वेगळा आहे. मागच्या वारीला तुकोबांची पालखी वरवंडला मुक्कामी होती, तेव्हा जेवणं झाल्यावर त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, मासे धरायला शिकायला कॉलेज लागतं का गं? मी त्याला भिगवणचं उदाहरण दिलं. १९८० ला उजनीचं धरण झालं आणि भीमेचं पाणी मागं पसरत आपल्या दौंड तालुक्याच्या पूर्वेच्या गावांपर्यंत आलं. जमिनी गेल्या, आणि ज्यांच्या गेल्या त्यांतल्या काहींनी होड्या घेतल्या. आज भिगवणच्या बाजारात मासळीचा लिलाव होतो, तिथून गाड्या भरून जातात. त्या ढिगात सगळ्यात जास्त दिसते ती चिलापी. ही मुळात आफ्रिकेची. आपल्या देशात १९५२ ला आणली, आणि मग जिथं गेली तिथं घर करून बसली. आता पाण्यात कुठला मासा सोडायचा, कधी सोडायचा, जाळ्याची आस केवढी ठेवायची, उन्हाळ्यात पाण्यातला प्राणवायू कमी झाला की काय करायचं, हे कुणी शिकलेलं माणूस सांगायला नको का? मामा गप्प बसला. मग म्हणाला, पण त्यासाठी समुद्राकाठी कशाला?

तर यासाठी, की रत्नागिरीजवळच्या शिरगावचं मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून तिथं आहे. दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं. चार वर्षं, आठ सत्रं. त्यात नुसता समुद्र नसतो. गोड्या पाण्यातलं मत्स्यसंवर्धन आहे, तळ्याची बांधणी आहे, माशांचे रोग आहेत, प्रक्रिया आहे, जाळी आणि बोटी आहेत, हिशेब आणि विस्तारकार्य आहे. शिरूर-दौंडच्या पट्ट्यात शेततळी किती झालीत ते तू पाहतेसच. कांद्याला पाणी द्यायला खोदलेल्या त्या तळ्यांत मासे सोडायचे म्हणून बँकेत माझ्या टेबलावर कर्जाची प्रकरणं येतात, आणि निम्म्या प्रकरणांत तळ्याला बाजूनं प्लॅस्टिकचा कागद, खोली अवाढव्य, आणि मासा बाहेर कसा काढणार याचा पत्ता नाही. २०२५ ला राज्य सरकारनं मत्स्यव्यवसायाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा दिला. आता ही प्रकरणं आणखी येणार. बँकेच्या कृषी अधिकारी परीक्षेला मत्स्यशास्त्राची पदवी चालते, मी तशीच लागले. एमपीएससीतून मत्स्य खात्यात जाता येतं. पुढं शिकायचं तर मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय संस्था आहे. मामाला एवढं सांग आणि उरलेलं माझ्यावर सोड.

आणि तरीही कुणी म्हणालंच, पोरीच्या जातीला हे काम शोभतं का, तर केडगावचं नाव घे. आपल्याच तालुक्यात, सव्वाशे वर्षांमागं, पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या बायकांना छापखाना चालवायला शिकवलं. खिळे जुळवणाऱ्या बायका तेव्हा कुणाला शोभल्या असतील?

आता खरं बोलू. तुला तिथं पहिला महिना जड जाणार आहे. मासळीच्या वासाची दोन आठवड्यांत सवय होते. जड जातो तो पाऊस. आपल्याकडं वर्षाचा वीस इंच पडला तर लोक पेढे वाटतात. रत्नागिरीत एकट्या जुलैत त्याहून जास्त पडतो आणि वर्षाचं गणित तीन हजार मिलिमीटरच्या पुढं जातं. ओढणी वाळत नाही. चपलेचा पट्टा, दप्तराची कड, बॅगेचं अस्तर, सगळ्यावर हिरवी-पांढरी बुरशी चढते. जीन्स नेऊ नकोस, नेलीस तर एकच. पातळ, लवकर वाळणारे कपडे ने. चामड्याचं काही नको. कपाटात कापूर आणि खडू ठेव. कागदपत्रं प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत. बाजरीचं पीठ मामी डबाभर देईल, ते महिन्यात कडू होतं, म्हणून थोडं थोडं मागव. शेंगदाण्याची चटणी टिकते, पण ओला चमचा घातलास की संपलं.

आणि एक सवय सुरुवातीपासून मोडून टाक. वर्गातली जवळपासच्या गावची मुलं शनिवारी घरी जातात. आपल्याला ते परवडत नाही. दौंडहून शटल, मग पुणे, मग स्वारगेट, मग रात्रभर एसटी. कऱ्हाडवरून कुंभार्लीचा घाट उतरा नाही तर आंब्याचा, पाठीचा भुगा होतोच. बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालंय २०२३ पासून, त्यामुळं पैशाचा प्रश्न कमी झाला, पण दमणुकीला सवलत नाही. पुण्या-पनवेलहून कोकण रेल्वेनंही जाता येतं, मात्र पावसाळ्यात तिचं वेळापत्रकच वेगळं असतं आणि दरड आली की सगळं कोलमडतं. सुट्टी लागली की ये, सणाला ये, आजारी पडलीस तर लगेच ये. पण मन लागत नाही म्हणून येऊ नकोस. माझ्या वर्गात अशा मुली होत्या की ज्यांची बॅग चार वर्षं अर्धी भरलेलीच असायची. शरीर शिरगावात, जीव गावाकडं. त्यांना शेवटपर्यंत ना गाव धड मिळालं, ना रत्नागिरी.

रत्नागिरी हे शहर तसं पाहुण्यांना मुरवून घेणारं आहे, आणि त्यातले बरेचसे पाहुणे आपखुशीनं आलेले नव्हते. इंग्रजांना माणूस दूर ठेवायचा असला की त्यांना हे गाव आठवायचं. रेल्वे नाही, रस्ते कमी, पावसाळ्यात बोटी बंद. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला १८८५ ला गादीवरून काढलं आणि पुढच्या वर्षी इथं आणून ठेवलं. त्याच्यासाठी टेकडीवर राजवाडा बांधून झाला तो १९१० च्या सुमाराला, आणि १९१६ ला तो गेलाच. तीस वर्षं माणूस समुद्राकडं बघत बसला. राणी पुढं परत गेली. पण थोरल्या राजकन्येची लेक टुटू रत्नागिरीतच वाढली, इथंच तिचा संसार झाला, मराठी बोलायची. राजवाड्यात आता संग्रहालय आहे. पहिल्या रविवारी वर्गातल्या मुली तुला तिथं फोटो काढायला नेतील. फोटो काढ, पण आत लाकडी कोरीवकाम नि रंगीत काचा नीट बघ, आणि मग शहरातल्या त्याच्या समाधीवरही जा, जिथं फारसं कुणी जात नाही.

सावरकरांनाही १९२४ ते १९३७ जिल्ह्याबाहेर जायची परवानगी नव्हती. त्या काळात त्यांच्या पुढाकारानं आणि भागोजीशेठ कीरांच्या पैशानं १९३१ ला पतितपावन मंदिर उभं राहिलं, सगळ्या जातींना खुलं. घरच्या कीर्तनात तू चोखोबा ऐकत मोठी झालीस, म्हणून हे देऊळ तू बघावंस असं मला वाटतं. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर आहे. १८५६ चा जन्म, आणि दहाव्या वर्षी वडिलांच्या बदलीमुळं ते पुण्याला आले. तू उलट्या दिशेनं निघालीयस. तुला कुणी हद्दपारही केलेलं नाही, वडिलांची बदलीही नाही. सीईटीत मार्क पाडून, स्वतः पसंतीक्रम भरून चालली आहेस. हे रडू आलं की आठवायचं.

गावात ओळख वाढवायची तर जिल्हा नगर वाचनालयाचं सभासदत्व घे. १८२८ चं आहे, महाराष्ट्रातल्या सगळ्यात जुन्या वाचनालयांपैकी एक. शिरगाव शहराच्या उत्तरेला, आरे-वारेवरून गणपतीपुळ्याला जाणाऱ्या रस्त्यावर पडतं. मुली शनिवारी शहरात जातात त्या कपड्यांच्या दुकानात आणि आईस्क्रीमला. तूही जा. पण येताना एक पुस्तक बदलून आण. शहरात गोगटे-जोगळेकर कॉलेज आहे, १९४५ चं. तिथल्या मुलींशी ओळख झाली तर नाटक, वक्तृत्व, गॅदरिंग सगळं कळत राहतं. आपल्या कॉलेजातली मुलं आपापसातच फिरतात आणि चार वर्षांत त्यांना शहरातली दहा माणसंही माहीत होत नाहीत. तुला घाटावरची म्हणून चिडवतील. बोलताना हेल काढून नक्कल करतील. त्याचा राग धरू नकोस, आपणही त्यांच्या 'गो'ची नक्कल करतोच की.

समुद्राबद्दल थोडं कडक बोलते. तुला भीमेत पोहता येतं. म्हणून समुद्रात पोहता येतं असं समजू नकोस. नदीत धार एकीकडं जाते, ती तुला दिसते. किनाऱ्यावर लाट आत फेकते आणि तेच पाणी एखाद्या घळीतून जोरानं परत बाहेर ओढतं. आरे-वाऱ्याला, गणपतीपुळ्याला दर वर्षी घाटावरचीच माणसं बुडतात, आणि त्यात पोहणारे असतात. गुडघ्यापर्यंत पाणी, त्यापुढं नाही. खडकांवर हिरवं शेवाळ असेल तर पाय ठेवायचा नाही. पाठ समुद्राकडं करून फोटो नाही.

भरती-ओहोटी मात्र तू वर्गात सगळ्यांच्या आधी शिकशील. हसू नकोस, कारण सांगते. कोकणातले जुने लोक तिथीची पाऊणपट करतात आणि भरतीची वेळ काढतात. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दिवसा आणि रात्री साधारण सव्वाअकराच्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता. दुसऱ्या पंधरवड्यात पुन्हा एकपासून मोजायचं. भरती रोज पंचेचाळीस-पन्नास मिनिटांनी पुढं सरकते, त्याचाच हा हिशेब. आता एकादशी काढ बरं. सव्वाआठ. घरात महिन्यातून दोन एकादश्या धरणाऱ्या पोरीला तिथी तोंडपाठ असते, तिला भरतीचं कोष्टक लागत नाही. वर्गात पहिल्या आठवड्यात सरांनी भरतीची वेळ विचारली तर बोटं मोजून सांग आणि गंमत बघ. मिनिटाला मिनिट जुळणार नाही, वाऱ्यानं आणि किनाऱ्याच्या आकारानं फरक पडतो, पण सहलीला केव्हा जावं आणि खडकावरून केव्हा परत फिरावं हे कळायला पुरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाणी जास्त वर येतं आणि जास्त खाली जातं. शंख-शिंपले, खेकडे, समुद्रफुलं बघायची तर त्याच दिवसांतली ओहोटी गाठायची.

आता मिरकरवाडा. हे बंदर म्हणजे तुझं खरं कॉलेज, असं मी म्हणेन आणि तुझे प्राध्यापकही नाही म्हणणार नाहीत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्याला शाकारून ठेवलेल्या असतात. तेव्हा समुद्र खवळलेला असतो आणि बऱ्याच माशांचा अंडी घालायचा हंगामही असतो. ऑगस्टात बोटी सुटतात, नारळी पौर्णिमेला नारळ पडतो आणि बंदर जागं होतं. बोट धक्क्याला लागली की खलाशी टोपल्या वर देतात. खलाशांत हल्ली नेपाळहून आलेली पोरं भरपूर. धक्क्यावर बर्फाचा चुरा, निळे क्रेट, पायाखाली खारं पाणी. बांगड्याचा ढीग ओततात तेव्हा त्याची पाठ निळी-हिरवी चमकते आणि तिच्यावर लांबीनं काळपट रेघा गेलेल्या असतात. तासाभरानं तीच चमक मंदावते. लिलाव इतक्या भराभर होतो की पहिल्या वेळी कुणी काय बोललं तेच कळत नाही. ऐन लिलावात प्रश्न विचारायचे नाहीत. माल गाडीत चढला, चहाचे ग्लास फिरायला लागले की मग बायकांजवळ जाऊन बस. त्यांचा हिशेब तोंडी असतो आणि कॅल्क्युलेटरला भारी असतो. मला तिथल्या एका म्हाताऱ्या विक्रेतीनं ताजा मासा ओळखायला शिकवलं. कल्ल्याचं झाकण उचल बाय, आत लाल रक्तासारखं दिसलं पाहिजे, विटकरी नको. डोळा फुगीर पाहिजे. बोटानं दाबलं तर खळगा राहता कामा नये. पुस्तकात हेच पुढं तीन पानं आहे.

तिथं भांडणंही ऐकशील. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांचं. पर्ससीन म्हणजे मोठं घेराचं जाळं, तारली-बांगड्याचा अख्खा थवा एका वेळी वेढून घेतं. छोट्या होडीवाल्याचं म्हणणं, आमच्या वाट्याला काय उरलं? पर्ससीनवाल्याचं म्हणणं, कर्ज काढून बोट बांधली, ती धक्क्याला बांधून ठेवू काय? २०१६ ला राज्यानं पर्ससीनवर बंधनं आणली, तरी वाद काही मिटला नाही. रात्री एलईडीचे झोत टाकून मासे गोळा करायला बंदी आहे आणि तक्रारी तरीही चालूच असतात. तू पहिल्याच वर्षी कुणा एकाची बाजू घेऊन मोकळी होऊ नकोस. आपल्याकडं कालव्याच्या पाण्यावरून टोकाच्या शेतकऱ्याचं आणि वरच्या शेतकऱ्याचं जे चालतं, ते तू लहानपणापासून बघतेस. तेवढं डोक्यात ठेवून दोघांचं ऐक.

प्रयोगशाळेत पहिली भेट होते फॉर्मलिनशी. डोळ्यांत पाणी येतं, खिडकीजवळचं टेबल धर. हातमोजे स्वतःचे ने. हाताचा वास बेसन आणि लिंबानं जातो. मासा ट्रेमध्ये तोंड डावीकडं करून ठेवायचा, लांबी घ्यायची, वजन घ्यायचं, परांचे काटे मोजायचे, मग पोट. हे कंटाळवाणं वाटेल, पण एक गोष्ट तुला आवडेल. माशाच्या डोक्यात, कानाच्या जागी, पांढरा बारीक खडा असतो. त्यावर वलयं पडतात आणि थंड समुद्रातल्या माशाचं वय त्यावरून झाडाच्या खोडासारखं मोजतात. आपल्या उष्ण पाण्यात हिवाळा-उन्हाळ्याचा तेवढा फरक नसतो, वलयं धूसर पडतात. मग करायचं काय? बाजारात जाऊन शेकडो माशांची लांबी मोजायची, महिनोन्महिने, आणि कुठल्या लांबीचे किती मिळाले त्यावरून वाढ काढायची. म्हणून तुझ्या हातात सारखी मोजपट्टी असेल. नोंदवही स्वतः लिही. दुसऱ्याचे आकडे उतरवणारी मुलं तोंडी परीक्षेत दुसऱ्याच प्रश्नाला पकडली जातात.

बोटीवर नेतील तेव्हाचं सांगते, हे मामीसमोर वाचू नकोस. ट्रॉलरवर आडोसा म्हणावा असा नसतो. पाळीची तारीख जवळ असेल तर मॅडमना दोन दिवस आधी सांगायचं, गट बदलून मिळतो. त्यात कमीपणा नाही. सांगायला लाजून दिवसभर पाणी न पिता उन्हात बसणाऱ्या मुली चक्कर येऊन पडतात. बोट लागते म्हणतात ती घाटात एसटी लागते तशीच. रिकाम्या पोटी जायचं नाही, तेलकट खाऊन जायचं नाही. दोन बिस्किटं, आल्याचा तुकडा. बसायचं बोटीच्या मधोमध आणि नजर दूर, आकाश-पाण्याच्या रेघेवर. मोबाईलमध्ये डोकं घातलंस की उलटी झालीच म्हणून समज. गोळी घ्यायची तर डॉक्टरला विचारून, आणि निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी. झालीच उलटी, तर वारा पाठीवर घेऊन वाक. बोटीचा तांडेल हसेल. तो सगळ्यांनाच हसतो.

मुलांचंही बोलून टाकू. सीनियर मुलं नोट्स देतील, बंदरावर न्यायला गाडी देतील, त्यातली बरीचशी खरंच भली असतात. शेतकऱ्यांची पोरं, विदर्भातली, मराठवाड्यातली, तुझ्यासारखीच घरापासून लांब. एखादा आवडेल. आवडू दे. थिबा पॉइंटवर सूर्य मावळताना सगळेच जण जरा जास्त चांगले दिसतात, तेवढं मात्र लक्षात ठेव. निर्णय दुपारी बाराच्या उन्हात घ्यायचे. आणि कुणी ओळख करून घ्यायच्या नावाखाली खोलीत बोलावलं, नाचायला-गायला लावलं, फोन तपासला, तर ते रॅगिंग आहे. १९९९ पासून महाराष्ट्रात त्याला कायद्यानं शिक्षा आहे. १८००-१८०-५५२२ हा नंबर फोनमध्ये भरून ठेव. आधी मला फोन कर, रात्री दोन वाजले तरी चालतील. मग त्या नंबरवर.

पैशाचं. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीत बसत असतील तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. पण ते आपोआप होत नाही. महाडीबीटीवर अर्ज तूच भरायचा, दर वर्षी नूतनीकरण करायचं. आधार बँक खात्याला जोडलेलं हवं. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजनाही बघ, पात्रतेच्या अटी नीट वाच. मामाला वाटतं की कॉलेजचे लोक भरून घेतील. कुणी भरून घेत नाही. खर्चाची वही ठेव, म्हणजे महिनाअखेर मामाला फोन करताना आवाज बारीक होणार नाही.

जेवणाचं तुला वाटतंय तेवढं अवघड नाही. भात जास्त, भाकरी कमी, तीही तांदळाची. घावणे नि सोलकढी तुला आवडेल, कुळथाची पिठी पहिल्यांदा नको वाटेल आणि नंतर पावसात तीच हवीशी होईल. फणस आणि हापूसचे दिवस परीक्षेच्या तोंडावर येतात, जपून खा. दिवाळीनंतर जाताना एकदा मामीच्या हातची मासवडी आणि पातळ रस्सा डब्यात ने. सगळ्या मजल्यावर वास गेला पाहिजे. मत्स्य कॉलेजच्या पोरींना बेसन, खोबरं आणि शेंगदाण्याचा हा एवढाच मासा आपण खातो म्हटल्यावर त्या हसून लोळतील, आणि ताट पुसून खातील.

रविवारी मी वरवंडला येतेय. डोमिसाइल, उत्पन्नाचा, जातीचा आणि नॉन-क्रीमीलेयर दाखला, सीईटीचं गुणपत्रक, शाळा सोडल्याचा मूळ दाखला, सगळं पलंगावर मांडून ठेव, दोघी मिळून लावू. झेरॉक्सचे चार संच आधीच काढून आण, वरवंडात वीज गेली की दुकान बंद असतं. आणि मामीला सांग, मला चहा नको, ताक ठेव.